एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा

रंगाच्या दुकानात शेड-काउंटरवर बसणाऱ्या ठिपकीताईंची एक खोड साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. डबा बंद केला की त्या झाकणावर जाड काळ्या पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरांत, रंगाचं नाव लिहितात. डब्यावर कंपनीचं लेबल असतं, लेबलावर नाव असतं, नंबर असतो, तरी ताई लिहिणारच. आणि कंपनीचंच नाव लिहितील तर त्या ठिपकीताई कसल्या! 'भिजलेली वीट', 'शेजारणीचा हेवा', 'झोपेतून उठवलेला'. हा शेवटचा म्हणजे राखाडी. एका वकीलसाहेबांनी आख्खं ऑफिस त्या रंगाने रंगवून घेतलं. अशिलांना फार आवडलं म्हणे. साहेबांशी जुळतो म्हणाले.

"ताई, पांढरा हवाय," असं कोणी भाबडेपणाने म्हणालं की संपलंच.

"पांढरा कुठला? दुधाचा, दाताचा, की धुतलाय म्हणून सांगतात त्या शर्टाचा?"

या खोडीमागचं कारण बाजारात दोन तऱ्हेने सांगतात. कोणी म्हणतं, ताईंचं कंपनीशी जुनं भांडण आहे. कोणी म्हणतं, वय झालं, दुसरं काय. खरं कारण ताईंनी फार थोड्यांना सांगितलंय. त्या थोड्यांच्या पोटात काही राहत नाही, एवढं ताईंना कळायला हवं होतं.

तर ताई आठ वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांचे बाबा पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायच्या कारखान्यात कारागीर होते. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली, चार मशिनं, कापायचं एक मोठं टेबल आणि भिंतभर रिळांची मांडणी. बाबांची शिवण अशी सरळ, की पट्टी लावून पाहणाऱ्याला पट्टीच वाकडी वाटावी. मालकीणबाई मात्र कडक. माप दोन बोटं चुकलं म्हणून त्यांनी एका कारागिराला जेवणाच्या सुट्टीआधी घरी पाठवला होता. डबासुद्धा वाटेत खायला सांगितलं.

एक दिवस आत्या आली. ही बाबांची थोरली बहीण. तिला बारा महिने सर्दी, त्यामुळे नाक लाल. पण नाक चोंदलेलं असलं तरी गावभरच्या बातम्यांचा वास तिला सगळ्यांच्या आधी यायचा. तिने पर्समधून चोवीस खडूंची पेटी काढली. मेणाचे खडू, एकेकाच्या अंगावर कागदाची गुंडाळी आणि तिच्यावर बारीक अक्षरांत नाव. डाळिंबी, अबोली, पोपटी, विटकरी, अस्मानी. बाबांनी एकेक खडू हातात घेऊन नाव मोठ्याने वाचलं. त्यांचा चेहरा इतका खुलला, की पेटी कुणासाठी आणलीय हे आत्याला दोनदा सांगावं लागलं.

पोरीच्या हातात नवी वस्तू आली की ती पहिलं काय करते? सोलते. आठवडाभरात चोवीसच्या चोवीस खडू उघडेवागडे पेटीत पडले होते आणि पोरीच्या गालांवर, कोपरांवर, फ्रॉकवर ठिपके. नाव तेव्हापासून ठिपकी.

बाबा कधी रागवायचे नाहीत. त्या संध्याकाळी रागावले. रागावले म्हणजे काय, खुर्चीत बसले आणि गप्प झाले. मग उठून कात्रीने कागदाच्या चोवीस पट्ट्या कापल्या, खळ केली आणि म्हणाले, "हं, एकेक घे आणि नाव सांग. मी लिहितो."

"खरं नाव की माझं?"

"तुझं काय वेगळं असतं?"

"हा 'आत्याचं नाक'," ठिपकीने लाल खडू वर धरला.

आतून आई हसली. बाबांनी मात्र मान खाली घालून, जणू काही सरकारी कागद लिहितोय अशा वळणदार अक्षरांत, पट्टीवर 'आत्याचं नाक' लिहिलं आणि खडूला गुंडाळलं. हिरव्याचं नाव पडलं 'टाकीतलं शेवाळ'. तपकिरी 'करपलेला ब्रेड'. चोवीस नावं लिहून झाली तेव्हा बाबांच्या बोटांना खळ आणि ठिपकीच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं.

दुसऱ्या दिवसापासून एक खेळ सुरू झाला. कारखान्यात भरल्या रिळांच्या बुडाला नंबराची चकती असायची. पण अर्धी वापरलेली रिळं पत्र्याच्या डब्यात जायची आणि त्यांच्या चकत्या पडून जायच्या. मालकीणबाईंचा नवा हुकूम असा, की आधी डब्यातली रिळं संपवा. बाबा त्यातली दोनचार खिशात घालून घरी आणायचे, एकेक ठिपकीपुढे धरायचे.

"ओळख बघू."

"आत्याचं नाक."

"बरोब्बर!" मग बाबा त्या दोऱ्याच्या टोकाला एक गाठ मारायचे. शेवाळ असेल तर दोन. करपलेला ब्रेड असेल तर तीन. ठिपकीला वाटायचं, हे आपले मार्क. करपलेल्या ब्रेडला तीन का आणि नाकाला एकच का, हे तिला अन्यायाचं वाटायचं. पण परीक्षा घेणारा प्रेमळ असला की मार्कांवरून कोण वाद घालतं? शिवाय ती कधी चुकायची नाही. रोज शाब्बासकी, रोज 'बरोब्बर!'. साऱ्या गल्लीत बापाकडून दररोज पास होणारी ती एकटीच मुलगी असेल.

मग शाळेने मुलांची चित्रं भिंतीवर लावली. ठिपकीने जवळजवळ आख्खं 'आत्याचं नाक' झिजवून एक शेत काढलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती लाल फुलं. बाईंनी ते मधोमध लावलं. बाबा कारखान्यातून तासाभराची सुट्टी काढून, केस ओले करून, भांग पाडून आले. चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले,

"वा! केवढं हिरवंगार शेत काढलंय माझ्या पोरीने!"

मुली फिदीफिदी हसल्या. एकजण म्हणाली, "तुझ्या बाबांनी दुसरंच चित्र पाहिलं वाटतं." ठिपकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी नीट पाहिलंसुद्धा नाही! भांग पाडायला वेळ होता, पाहायला नव्हता. असा तिने हिशेब केला आणि गाल फुगवून घरी आली.

संध्याकाळी बाबांनी खिशातून तीन रिळं काढली. नाट्यगृहाचा पडदा शिवायचा होता, वर्षातलं सगळ्यात मोठं काम. गर्द लाल मखमल, तिला खालून दुमडपट्टी.

"ओळख बघू."

रीळ हिरवं होतं. डोळे मिटूनही कळेल असं हिरवं. ठिपकी फुगलेल्या गालांतून म्हणाली, "आत्याचं नाक."

"बरोब्बर!" बाबा म्हणाले. आणि एक गाठ मारली.

ठिपकी चाट पडली. तिने दुसरं रीळ, लालभडक, पाहिलं आणि म्हणाली, "करपलेला ब्रेड."

"बरोब्बर! शाब्बास!" तीन गाठी.

तिसरं रीळ तिने पाहिलंच नाही. पोटात दुखतंय म्हणाली आणि अंथरुणात शिरली. आधी तिला गंमत वाटली, की मास्तरच नापास! मग हळूहळू एकेक गोष्ट आठवायला लागली. नावं वाचताना खुललेला चेहरा. सोललेले खडू पाहून गप्प झालेला माणूस. हिरवंगार शेत. परीक्षा तिची कधी नव्हतीच. बाबा विचारत होते ते खरोखरच विचारत होते.

खरं सांगायचं होतं, पण जीभ उचलेना. सकाळी जाग आली तेव्हा बाबा निघून गेले होते.

"आज लवकर का गेले?"

"अगं, नाट्यगृहाचा पडदा ना! मालकीणबाई स्वतः बघणारेत," आई म्हणाली. "तुला दूध देऊ?"

दूध कुणाला सुचतंय! ठिपकी दप्तरासकट सुटली, ती शाळेचा रस्ता सोडून थेट कारखान्यात. मशिनच्या दोन्ही बाजूंना लाल मखमलीचे डोंगर आणि मधे बाबा, खाली मान घालून, तंद्रीत. लाल मखमलीवर ठसठशीत हिरवी शिवण, अगदी नाकासमोर सरळ. कारखान्यात अजून दुसरं कोणी आलं नव्हतं.

"बाबा," ती कानाशी लागली, "तो शेवाळ आहे. मी खोटं सांगितलं."

मशिन थांबलं. बाबांनी शिवणीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "फार दिसतंय का गं?"

"फार."

"किती?"

"रस्त्यावरून दिसेल."

त्यावर ते चक्क हसले. मग दोघं जमिनीवर बसली. बाबा टाके उसवत होते, ठिपकी दोऱ्याचे हिरवे तुकडे वेचून फ्रॉकच्या खिशात कोंबत होती. चौदा फूट शिवण होती, नऊ फूट उसवली, आणि दारात चपलांचा आवाज आला.

मालकीणबाई. हातात चहाचा पेला. त्यांनी मखमलीतून बाहेर आलेलं दप्तर पाहिलं, उरलेली पाच फूट हिरवी शिवण पाहिली, बाबांचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"हा काय प्रकार?"

बाबा उठायला लागले. ठिपकी त्यांच्या आधी उठली. "मी केलं. रिळांची गंमत केली मी. बाबांना माहीत नव्हतं." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

मालकीणबाईंनी चहाचा घोट घेतला, सावकाश. "गंमत? नाट्यगृहाच्या पडद्याशी? चल बाहेर."

बाहेर व्हरांड्यात त्या वाकल्या. ठिपकीला वाटलं आता कान पिळणार. बाई कानाशीच आल्या, पण कुजबुजल्या.

"तुझा बाप नऊ वर्षं एक मोजा तपकिरी आणि एक हिरवा घालून येतो. मला डोळे नाहीत का?"

ठिपकीने आ वासला.

"मांडणीवरचं रीळ जागेवरून हलवलं की मी सगळ्यांच्या अंगावर का ओरडते? भुंकायची हौस आहे मला? लाल कायम वर, हिरवं कायम खाली. त्याचा हात पाठ झालाय. डब्यातल्या रिळांचं माझ्या ध्यानात आलं नाही, चूक माझी. आजपासून नंबर लिहून ठेवीन." मग बोट रोखलं. "त्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. मला ठाऊक नाही असं वाटतं ना त्याला? वाटू दे. असली शिवण मला दुसरीकडे मिळायची नाही."

आणि आत जाऊन त्या इतक्या जोरात ओरडल्या, "पोरीला शिस्त लावा जरा!", की बाबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. कुठला ते त्यांना सांगता आलं नसतं.

पडदा वेळेवर गेला. बाबा त्या कारखान्यात आणखी बावीस वर्षं टिकले. डब्यातल्या प्रत्येक रिळावर नंबर लिहिलेला असायचा, तरी बाबा अधूनमधून एखादं खिशात घालून आणायचेच. ठिपकी पुन्हा कधी खोटं बोलली नाही, आणि तेही कधी खात्री करून घ्यायला दुसऱ्या कुणाकडे गेले नाहीत. बघता बघता ठिपकीची ताई झाली, रंगाच्या दुकानात लागली. मालक म्हणाला, हिची नजर मशिनपेक्षा पक्की आहे. असणारच. रोज संध्याकाळी घरात शिकवणी होती, आणि शिकवणारा बिचारा स्वतः विद्यार्थी होता.

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी मालकीणबाईंनी त्यांना एक पुडकं दिलं. आत मोज्यांचे सहा जोड, सगळेच्या सगळे काळे. घरी येऊन बाबा ते मांडीवर घेऊन हसत बसले. ताईंना राहवलं नाही. बावीस वर्षं पोटात ठेवलेलं त्यांनी सांगून टाकलं. बाईंना सगळं ठाऊक होतं म्हणून.

"मला ठाऊक होतं तिला ठाऊक आहे ते," बाबा म्हणाले. "मांडणी कशी ठेवलीय ते काय मला कळत नव्हतं? पण बाई एवढ्या कष्टाने लपवत होती. तिचा हिरमोड कशाला करायचा?"

"आणि आत्या?"

"तिनेच तर नावं लिहिलेले खडू शोधून आणले. बिननावाचे स्वस्त मिळतात. तुला काय वाटलं, पेटी तुझ्यासाठी होती?"

ताईंनी मोज्यांचा एक जोड उचलून पाहिला. मग विचारलं, "आणि त्या दिवशी मी शेवाळाला नाक म्हटलं, तेव्हा?"

"तेव्हा नाही कळलं," बाबा म्हणाले. "तू सांगितलंस म्हणजे लालच."

बाबा आता नाहीत. खडूची पेटी काउंटरच्या खणात आहे. त्यातलं 'आत्याचं नाक' बोटाच्या पेराएवढंच उरलंय, पण गुंडाळीवरचं वळणदार अक्षर अजून वाचता येतं. आणि आत्या? शहाण्णव पूर्ण, नाक तसंच. दुकानात येते तेव्हा खुर्चीत बसून गिऱ्हाइकांच्या घरच्या भानगडी ऐकते. हे सगळं बाहेर कुठून फुटलं, हे आता वेगळं सांगायला नको.

परवाच एक गृहस्थ आले. सोबत मुलगी, सातआठ वर्षांची. भिंतीचा पोपडा घेऊन आले होते, तोच रंग हवा होता. ताईंनी विचारलं, "कुठला रंग म्हणायचा हा?" गृहस्थांनी पोपडा हातात फिरवला, उजेडाकडे धरला, मग अगदी सहज मुलीकडे वळून म्हणाले, "तू सांग बघू. बघू ओळखतेस का."

ताईंचा हात डब्यावर थांबला.

"हिरवा," मुलगी म्हणाली.

"बरोब्बर!" गृहस्थ म्हणाले.

ताईंनी रंग कालवला, झाकण ठोकून बसवलं आणि जाड काळं पेन उचललं. 'टाकीतलं शेवाळ' असं बोटभर उंचीचं लिहिलं. मग थोडा विचार करून त्याखाली, नेहमीपेक्षाही मोठ्या अक्षरांत, 'हिरवा' लिहिलं, आणि डबा मुलीच्या हातात न देता त्या गृहस्थांकडे सरकवला, अक्षरं त्यांच्या बाजूला येतील असा.

गृहस्थांनी झाकण वाचलं. मग ताईंकडे पाहिलं.

"अक्षर फार छान आहे हो तुमचं," ते म्हणाले.

"माझं कुठलं," ताई म्हणाल्या. "वडिलांचं वळण आहे."

खुर्चीतून आत्या मोठ्याने शिंकली.