दीड तासाचं विमान

उसाचं पाचट पेटल्याचा वास आला, की पिंपळवंडीतल्या आमच्या अंगणातली ती दुपार परत येते. वडील सकाळीच गेले होते आणि बहीण नागपूरहून निघाली होती. लेकीनं पाणी पाजल्याशिवाय उचलायचं नाही, असं सगळ्यांनीच ठरवलं. चुलते येईल त्याला सांगत होते, "इमान दीड तासाचं हाये, आली म्हणून समजा." विमान उतरलंही वेळेवर, पण चाकणलाच गाड्यांची रांग लागली, आणि इकडे ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. स्मशान नदीकाठी, तिथवरची वाट दोन्ही बाजूंच्या उसातून, आणि त्याच आठवड्यात बिबट्यानं तिथून एक वासरू नेलेलं. म्हातारी माणसं सारखी उसाकडं बघत होती. मी फोन लावला तेव्हा ती मंचरला पोचली होती. जे विचारायचं होतं ते मला विचारवेना. शेवटी तिनंच विचारलं, "दिवस किती राह्यलाय?" मी मावळतीला टेकत आलेल्या सूर्याकडं बघून म्हणालो, "कासराभर." ती म्हणाली, "अंधारात माणसं नको उसात. माझ्या वाटचं पाणी तूच पाज." त्या दिवशी मी वडलांना दोनदा पाणी पाजलं. आता तिच्याकडे मीही विमानानंच जातो. नागपूर दीड तासात येईल, असं आत सांगतात, आणि मी खिडकीतून दिवस किती राहिलाय ते बघतो.