सगळ्याला चालणारी काठी

आमचे हे आता या वयात कयाक, म्हणजे एका माणसाची वल्ह्याची होडी, घेऊन समुद्रात मासे गरवणार, तेही एकटे! गळाची काठी आणि दोरीचं रीळ घ्यायला दोघं गेलो.

‘काकू, ही एकच काठी घ्या. तांबोशीपासून सुरमईपर्यंत सगळ्याला चालते,’ दुकानदार म्हणाला.

सगळ्याला चालणारं काही दिसलं की मला शंकाच येते, मग तो मसाला असो की माणूस. मासळीचा कल्ला उघडून बघावा तसं मी रीळ उलटंसुलटं केलं.

‘मोठा मासा ओढायला लागला तर दोरी सोडतं का हे?’

‘छे हो! जीव गेला तरी सोडणार नाही.’

हे खूश झाले. मला मात्र ती एवढीशी होडी माशामागे खोल पाण्यात ओढली जाताना दिसली. घट्ट धरणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, वेळेवर सोडून देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

‘सोडणारं दाखवा,’ मी म्हटलं, ‘मासा गेला तर जाऊ दे, मला नवरा परत हवाय.’