घासाला न शिवलेले मासे

पाचोडच्या बाजारात अंगारा देणारा एक बाबा बसायचा, आणि त्याच्यासमोर उभं राहून खी-खी हसणारा मी! त्यामुळे असलं काही मी लिहीन, असं वाटलं नव्हतं. पण हे डोळ्यांनी पाहिलंय...

नामांतराच्या चळवळीचा काळ. मी वाळूजला एका कंपनीत होतो. रांजणगावातल्या खोलीत माझा पार्टनर सुधाकर, पिशोरचा. ट्रेनिंगला मुंबईला गेला आणि येताना काचेची छोटी टाकी, समुद्री मिठाच्या पिशव्या आणि दोन केशरी-पांढरे पट्टेरी मासे घेऊन आला. घरमालक विचारायचे, "मिठाच्या पाण्यात मासे? लोणचं घालताय का?"

माशांचे नखरे मात्र जावयासारखे. लसणाच्या रसात भिजवलेली बारीक सुकटच खाणार, तीही सुधाकरच्याच हातून. संध्याकाळी शिफ्टची बस आली की तो खिडकीकडच्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि मासे तिथं तोंड वर करून हजर!

नांदेडकडच्या मित्राची वस्ती जाळली असं कळलं, तसा सुधाकर तिकडे धावला. जाताना म्हणाला, "माशांना बघ." मग एसट्या बंद पडल्या, फोन लागेना... सुधाकरचा पत्ताच नाही. त्याची आई शोधत खोलीवर आली आणि तिथंच राहिली; मी तिला मावशी म्हणायचो.

मी रोज सुकट टाकायचो. मासे ढुंकून बघायचे नाहीत. सगळी तळाशी जायची, मी ती काढून टाकायचो. मला घोर लागला होता, आणि मावशी मात्र खूश!

"नगं खाऊ दे," ती म्हणाली. "त्याच्या नावाचा घास हाय ह्यो. कावळा पिंडाला कवा शिवतो, ठावं हाय नं? शिवले नाय, तवर माझं लेकरू हाय."

मी तळाची सुकट काढायला लागलो.

पण मासे वाळायला हवे होते ना? उलट पोटं गोल, रंग तजेलदार. आता माझं डोकं फिरलं. ही बाई मला नको म्हणते आणि मागून चारते की काय? मी सुकटीचा डबा बॅगेत घालून कंपनीत न्यायला लागलो. मासे तसेच गुबगुबीत. आणि तिला संशय माझा!

"तूच चोरून चारतू नं रं? शपथ घे."

शेवटी मी सुट्टी टाकली. दोघं दिवसभर टाकीसमोर बसलो, एकमेकांवर डोळा ठेवून. संध्याकाळी बसचा हॉर्न वाजला आणि मासे खिडकीच्या कोपऱ्यात आले. तोंड वर करून टिपायला लागले... पाण्यात काही नव्हतं. कोपऱ्यात कोणी नव्हतं. मावशीनं पदर तोंडात धरला.

पुढच्याच आठवड्यात सुधाकर आला. डोक्याला पट्टी. दगड लागला होता, दवाखान्यात बेशुद्ध होतो म्हणाला. मावशीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याला कवटाळून मोठ्यानं रडली. मीही रडलो.

हात धुऊन तो नेहमीच्या कोपऱ्यात गेला, सुकट टाकली. मासे सर्रकन दगडामागे पळाले. तो बराच वेळ उभा राहिला. मग "रुसलेत," म्हणत खाटेवर जाऊन बसला. तसे मासे बाहेर आले. रिकाम्या कोपऱ्यात, तोंड वर करून, टिपायला लागले.

मी सुधाकरकडे बघितलं. तोच तीळ, तेच हसू. तरी त्या रात्री मी खाट दाराजवळ ओढली, खोटं कशाला बोलू.

कोणी म्हणतं सवय, कोणी म्हणतं पाण्यातलं शेवाळ खात असतील. असेल. माझं समाधान आजही झालेलं नाही.

सकाळी मायलेक पिशोरला निघाले, मी बसपर्यंत सोडायला गेलो. तो पुढं चालत होता. मावशी मागं वळली, माझा हात धरला. मला वाटलं, मासे घासाला शिवले नाहीत आणि लेकरू परत आलं, म्हणून खूश असेल.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मास्यांनी वळखलं नं रं त्याला?"

"ओळखलं की, मावशी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. हात मात्र बस येईपर्यंत सोडला नाही.