दोनदा खोकणारा माणूस

ओढ्याकाठी बसला की फोटोग्राफर आधी दोनदा खोकायचा. अस्वलिणीला कळावं, माणूस आपलाच आहे. नऊ वर्षांत ती इतकी सरावली, की त्याच्यासमोर खुशाल वारूळ उकरत बसायची. त्याला कोण अभिमान त्याचा!

एके दिवशी सर्दी झालेला वनरक्षक खोकला, तर ती थेट त्याच्यापुढे हजर. "पुन्हा आली तर गोळी घालीन," त्याने फोटोग्राफरला बजावलं.

दोन दिवसांनी फोटोग्राफर दोनदा खोकला. ती दहा पावलांवर आली. त्याने पत्र्याचा डबा दगडावर बडवला, घसा फुटेस्तोवर शिव्या घातल्या. तिने धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खोकला. झुडूप हललं, पण कोणी बाहेर आलं नाही.

"शहाणी गं माझी बाय," तो पुटपुटला आणि कॅमेरा न काढताच उठला.