त्यांच्याकडे आहे म्हणे

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यासाठी मी मीटिंग बोलावली होती, आणि तीसुद्धा भांडून. चहा घ्या, सांगतो.

आमची नाशिकची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. भाताच्या व्यापाऱ्यांसाठी ॲप बनवते. कुणाचा किती माल आला, कुठे ठेवला, वगैरे. मी ते विकतो आणि विकल्यावर शिव्याही मीच खातो. तक्रार एकच, नेट गेलं की ॲप बंद. आता घोटीच्या गोदामांत नेट असतं कुठे? वर्षभर प्रॉडक्ट मॅनेजर मृणालमॅडमच्या मागे लागून ‘नेटशिवाय चालणारं ॲप’ मी रोडमॅपमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत, पहिल्या नंबरावर आणलं. जीव अगदी मेटाकुटीला आला होता हो.

आणि मग घोटीचे बोराडेशेठ म्हणाले, "त्या दुसऱ्या कंपनीच्या ॲपात नुसतं बोललं की नोंद होती म्हणं. तुमच्यात हाय का?"

माझं धाबं दणाणलं. शेठ गेले की त्यांच्यामागे सगळा बाजार जाणार. दुसऱ्याच दिवशी मीटिंग.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" मृणालमॅडमनी विचारलं.

"मॅडम, अख्खी घोटी वापरतेय."

"मग नेटचं काम मागे जाईल. चालेल?"

"चालेल काय, पळेल."

हे मीच बोललो बरं का. वर्षभराची मेहनत अशी एका वाक्यात घालवली.

काही महिन्यांनी बोलून नोंद तयार झाली. मॅडमना घेऊन मी शेठच्या गोदामात गेलो. पोत्यांच्या थप्पीपुढे फोन तोंडाशी धरून म्हणालो, "इंद्रायणी, चाळीस पोती." स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. बोललेलं समजायलाही नेट लागतं, आणि नेट नव्हतं. मी आवाज चढवला. माझ्या ओरडण्याने टॉवर जागा होणार होता का? हमाल काम सोडून बघायला लागले.

"शेठ, मग त्या दुसऱ्यांचं इथं कसं चालतं?" मी थकून विचारलं.

"त्यांच्यात बोलायचं कुठंय?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"आवो, पहिल्या भेटीत तुम्हीच नाय का म्हणले, आमच्यात लवकरच बोलून नोंद येणार? मी त्यांच्या माणसाला इचारलं, तर तो म्हणला आमच्यात बी हाय. तेच तुम्हाला सांगितलं."

मॅडमनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला तिथल्याच एखाद्या पोत्यात शिरावंसं वाटत होतं.

तेवढ्यात शेठनी आपला फोन काढून त्या दुसऱ्या कंपनीचं ॲप उघडलं. नेट नसतानाही नोंद झटकन झाली.

"हे कधी केलं त्यांनी?" मॅडमनी विचारलं.

"हे साहेब दर खेपेला यायचे आन् रडायचे, नेटशिवाय चालायला पायजे पण आमचं हापिस ऐकत नाय," शेठ मायेनं म्हणाले. "मी त्या माणसाच्या कानावर घातलं. त्याच्या हापिसानं लगेच ऐकलं. लय कामाचं सुचवता बघा तुम्ही."