आखूड खांबाची विहीर

ही फजिती लपवून तरी काय करू? मखमलाबादच्या बाजूला सगळ्यांना ती पाठ आहे. चहा घ्या, सांगतो.

मला नोंदवहीची भारी खोड. दर रविवारी आमच्या आठ गुलाबवाल्यांच्या विहिरींत दगड बांधलेली दोरी सोडायची आणि पाण्याला टेकेपर्यंत किती फूट गेली ते लिहायचं. दोन हजार सालानंतर घरात कॉम्प्युटर आला. पन्नाशीतला मी पुस्तक उघडून प्रोग्रामिंग शिकलो! त्यात ग्राफ काढणाऱ्या तयार प्रोग्रामांची एक लायब्ररी होती. नावं आणि आकडे द्या, की रंगीत खांब रांगेत उभे! खांबांखालची नावं एकमेकांवर चढत होती. ती सुटी करायला मला तीन आठवडे लागले.

त्या उन्हाळ्यात आम्ही टँकर सांगितला. खेप एकच, म्हणजे विहीरही एकच. कुणाची, ते मंडळाच्या बैठकीत ठरणार होतं. शेजारच्या सुशीलावहिनींचे गुलाब माना टाकायला लागले होते.

"वहिनी, निर्धास्त राहा. बैठकीत मी ग्राफच दाखवतो!"

त्या फुलं घेऊन बाजारात गेल्या, मी बैठकीला. आमच्या मंडळाच्या आबांनी चष्मा चढवला.

"सुशीलाचा खांब तर सगळ्यात उंच! लय पाणी हाय की तिला! अन् हा एवढासा कुणाचा?"

"माझा!" मी रंग समजावण्यात गुंग.

"अरारा! कधी बोलला नाय बिचारा!"

ठराव झाला तेव्हा मी कुठे होतो? आणखी प्रती छापायला घरी गेलो होतो!

अहो, खांब पाण्याचा नव्हताच, सुटलेल्या दोरीचा होता. उंच खांब म्हणजे खोल गेलेलं पाणी! पण तसं कागदावर लिहायला नको?

सकाळी टँकर उलटा येऊन माझ्याच विहिरीला लागला. मी "अहो, इथं नाही!" म्हणेपर्यंत वहिनी तरातरा आल्या.

"भाऊजी, चित्रं काढून माझे गुलाब मारता का?"

"वहिनी, त्याचं काय झालं, उभा अक्ष..."

त्यांनी एक दगड उचलून माझ्या विहिरीत टाकला. लगेच डुबुक्! मग सगळी वरात त्यांच्या विहिरीवर. दुसरा दगड टाकला. आम्ही कान देऊन उभे. आणि बऱ्याच वेळानं... खण्ण!

आबांनी ड्रायव्हरला हात केला. टँकर वहिनींकडे रिकामा झाला. ड्रायव्हर पाइप गुंडाळत म्हणाला, "काका, एवढं पाणी हाय तर मी लांबून कशाला आणू? उद्यापासून तुमच्याकडंच भरतो."

मग उन्हाळाभर टँकर रोज माझ्या दारात आला. रिकामा!