कासोट्याखालचा स्क्रू

ऑपरेशनच्या सकाळी सखूबाईंनी विचारलं, "डाक्टर, मग लुगडं नेसता यील ना?"

मी घाईत होतो. येईल की, म्हणालो आणि निघालो. दारात पाय थबकले. परत येऊन विचारलं, नेसता कसं?

त्यांनी गाऊनवरूनच हात मागे नेला. "हितं कासोटा खोचते. मेंढरामागं चालायचं, ढिला चालत नाय."

मी जिथं स्क्रू घालणार होतो, बोट नेमकं तिथंच टेकलं.

सखूबाई अजिंठ्याकडच्या धनगर. कणा वाकलेला, चार पावलं टाकली की बसावं लागे. मणक्यांत स्क्रू घालून रॉड बसवायचे होते. पण या वयात कण्याच्या तळाचं हाड ठिसूळ. सगळा भार त्यावर टाकला तर स्क्रू ढिले होतात. म्हणून शेवटचे दोन स्क्रू कमरेच्या रुंद हाडात घालतात. माझ्या नेहमीच्या पद्धतीत त्यांचं डोकं कातडीखाली लगेच लागतं. सखूबाईंच्या अंगावर मांस नावालाच. वर रोजचा तो घट्ट पीळ. कातडी फाटली की पू, आणि पुन्हा ऑपरेशन. आमच्याकडे पेशंट आला की आधी गाऊन चढवतात, त्यामुळे हे कुणाला दिसलंच नव्हतं.

भूलतज्ज्ञ डॉ. समीना म्हणाल्या, प्लॅन ऐनवेळी बदलू नका, त्यांना पाचवारी नेसायला सांगा.

"ऐकतील?"

"सिल्लोडची माझी नानी लुगडंच नेसायची. ती असती, तर नसती ऐकली."

दुसरी पद्धत होती. स्क्रू खालून, तळाच्या हाडातून सांधा ओलांडून कमरेच्या हाडात न्यायचा. डोकं खोल राहतं. पण वाट अरुंद. जरा खाली सरकलं की पायाची मोठी नस दुखावते. सखूबाईंना हे समजावलं, त्या हो म्हणाल्या. लांब स्क्रू सेटमध्ये आहेत ना, ते मी दोनदा बघून आलो.

उजवा सरळ बसला. डावा बसेना. मी सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या एक्स-रेवर, फोटो मागत राहिलो.

"सर, अजून किती?" एक्स-रेवाल्यानं विचारलं.

"बसेपर्यंत."

बसला. शुद्धीवर येऊन सखूबाईंनी पायांचे दोन्ही अंगठे हलवले, तेव्हा कुठे मी चहा घेतला.

काही महिन्यांनी त्या लुगडं नेसून ओपीडीत चालत आल्या. मी कासोट्यावर दाबून बघितलं. दुखत नव्हतं. मी खूश.

"पर आता वाकता येत नाय," त्या म्हणाल्या. "सून खोचती. लई ढिला खोचती."

रॉडनं कणा ताठ होतो हे माहीत होतं; पण पायांमधून लुगडं मागे ओढायला वाकावं लागतं, हे मला सुचलंच नव्हतं. आता मी पेशंटला रोजचं काम करून दाखवायला सांगतो, गाऊन चढवायच्या आधी.